आधी नाक, मग मीटर

मुलांनो, जरा डोळे मिटा. आज डोळ्यांचं काम नाही, नाकाचं आहे.

कल्पना करा, तुम्ही एका खानावळीच्या मागच्या दाराशी उभे आहात. आत मोठ्या कढईत सकाळपासून तळण चाललं आहे, आणि तेल तेच आहे. आधी ते मधासारखं होतं, मग चहासारखं झालं, मग डांबरासारखं. आता ते इतकं घट्ट झालंय की झाऱ्यावरून थेंब पडत नाहीत, तार लोंबते. हे तेल एका निळ्या पिंपात ओतलं. पिंप उन्हात ठेवलं. झाकणाच्या कडेला ओघळ आले, ओघळांवर धूळ बसली, धुळीवर माश्या बसल्या आणि त्यातल्या दोन-चार तिथेच चिकटून मेल्या. आला का वास? नाकात शिरतो आणि आतच मुक्काम ठोकतो, तसला.

आता कल्पना करा की असली दोन पिंपं वाहणारी सायकल रोज संध्याकाळी तुमच्याच घराच्या दारात येऊन उभी राहते.

उघडा डोळे. आता या गोष्टीतली मुलगी तुम्हाला कळेल.

तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. तिला सगळे ‘शीबाई’ म्हणत, कारण तिच्या तोंडी दिवसभर एकच शब्द. दुधावरची साय, शी. ओल्या मोज्यांचा वास, शी. आजोबांनी कवळी पेल्यात ठेवली, शी शी शी. आणि काकाची सायकल दिसली की नुसतं शी म्हणून भागत नसे. दोरीवरचा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा काढायचा, नाकाला लावायचा आणि मगच दारातून आत यायचं. त्या चिमट्याने तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना कायमचे दोन वळ उमटले होते.

“महाराणी आल्या,” आजोबा म्हणत. “सिंहासनापर्यंत गालिचा घाला.”

“आजोबा, तुम्हाला वास येत नाही का?”

“अगं, माझं नाक आता फक्त चष्मा अडकवायला उरलंय.”

आजोबांचा एक पाय गुडघ्यात वाकत नसे. चार पायांची काठी धरून ते मोरीपर्यंत जात, तेवढ्यात शीबाईचा एक धडा वाचून होई. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत होती. घराला दार एकच, त्या दाराशेजारी चपलांची मांडणी आणि मांडणीला लागून खाटेची उशाची बाजू. वीज घ्यायची मोकळी जागा तिथेच होती, म्हणून काका सायकलची बॅटरी काढून आणायचा, चपलांच्या मांडणीवर ठेवायचा आणि चार्जिंगला लावायचा. हे सगळं नीट लक्षात ठेवा. दार, मांडणी, खाट.

काका म्हणजे शीबाईच्या बाबांचा धाकटा भाऊ. खानावळीतून वापरलेलं तेल गोळा करायचं आणि साबणाच्या कारखान्यात पोचवायचं, हे त्याचं काम. सायकल विजेवर चालणारी. पेडलं होती, पण भरलेली पिंपं घेऊन चढ चढायला मोटारच हवी. आई-बाबा दिवसभर कामावर, त्यामुळे शीबाईला शाळेत सोडणं-आणणंही काकाकडेच. काका गाणी म्हणत सायकल चालवायचा, खड्डा आला की “उडी!” म्हणून ओरडायचा. शीबाईचा तो जीव की प्राण होता. फक्त सायकलीची तिला शिसारी यायची.

आणि खरं सांगायचं तर यावी अशीच ती होती. सांगाड्याला बोट लावलं तर बोट उचलताना आवाज यायचा. साखळीत केस अडकलेले, कुणाचे देव जाणे. मागच्या कॅरिअरच्या फटीत जुन्या तळणाचा चुरा साठून त्याला हिरवी लव आली होती.

एक दिवस शाळेच्या फाटकात मैत्रिणींनी नाकं धरली. शीबाई खाली उतरली आणि तिने जाहीर करून टाकलं, “उद्यापासून मी हिच्यावर बसणार नाही. आधी ही धू. नाहीतर मी चालत येईन, आणि उन्हात चक्कर येऊन पडेन, आणि ते तुझ्यामुळे.”

“बापरे,” काका म्हणाला. “मग धुवायलाच हवी.”

दुसऱ्या दिवशी काकाने सायकल मोटारगाड्या धुवायच्या दुकानात नेली. तिथे बंदुकीसारख्या नळीतून पाण्याचा फवारा मारतात, इतक्या जोराचा की चिखलाचं ढेकूळ उडून पलीकडच्या भिंतीवर आदळतं. फवाऱ्याखाली तेलाची साल निघाली, केस निघाले, ती लव निघाली. खालून निळा रंग बाहेर आला. सायकल निळी होती हे काकाही विसरून गेला होता. त्याने चेनला, कॅरिअरला, आणि सांगाड्यात बसलेल्या बॅटरीलाही चारी बाजूंनी मनसोक्त फवारा मारून घेतला.

शीबाईने चिमटा न लावता फेरी मारली. त्या दिवशी घरात तिच्यासारखं खूश कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सायकल चढावर बंद पडली. काकाने उतरून ढकलली, थोडा वेळ थांबला, पुन्हा सुरू झाली. मग रोजच असं होऊ लागलं. भरलेली पिंपं, मधला चढ, आणि सायकलचा दिवा फटकन विझायचा. एकदा पिंप कलंडून तेल त्याच्या पाठीवरून, विजारीतून पार बुटात गेलं. काका घरी आला तेव्हा पावलापावलाला बुटातून पचक पचक आवाज येत होता.

“ताईला दाखव ना,” आजोबा म्हणाले. ताई म्हणजे काकाची मोठी बहीण, शीबाईची आत्या. असल्या सायकली दुरुस्त करायचा तिचा स्वतःचा गाळा होता.

“ताई दोन दिवस ठेवून घेईल, सगळी उघडेल, वर तासभर ऐकवेल. फेरी बंद ठेवली तर खानावळवाले दुसऱ्याला तेल देतील.” असं म्हणून काका चौकातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला आणि तासाभरात शीळ घालत परत आला.

“घोडा झालाय घोडा! चढावर थांबायचं नावच नाही.”

“काय केलं त्याने?” शीबाईने विचारलं.

“आत एक पाटी असते म्हणे, हिरवी. तीच सारखी अडवत होती. त्याने तिला बाजूला सारून तार थेट जोडली. अडथळाच काढून टाकला.” मग त्याने आवाज खाली आणला. “हे आत्याला नाही हं सांगायचं. आपल्या दोघांत. घे शपथ.”

शीबाईने गळ्याची शपथ घेतली. काकासाठी तिने कशाचीही घेतली असती.

पिंपं होती तीच आणि रस्तेही तेच, त्यामुळे सायकल पुन्हा मूळ रूपात यायला वेळ लागला नाही. चिमटा पुन्हा नाकावर चढला. पण एका दुपारी दोरीवर एकही चिमटा मोकळा नव्हता. शीबाई नाक बोटांच्या चिमटीत धरून आत आली, चप्पल काढायला वाकली आणि हात सुटला.

कुबट तेलाचा वास तर होताच. पण त्याच्या खालून दुसराच एक वास येत होता. गोडसर. आई नखांचा रंग पुसायला जे पाणी वापरते, त्यात पिकून सडलेलं फळ बुडवावं तसा. तेलाच्या वासाने नुसतं नाक मुरडायचं. या वासाने जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं आणि तिला उमासा आला.

“शी! इथे काहीतरी गोड गोड सडलंय.”

“गोड असेल तर मला आण,” खाटेवरून आजोबा म्हणाले. “तुझी आई मला साखर देत नाही.”

“काका, बॅटरीपाशी येतोय वास. खरंच.”

“तेलाचा आहे तो. तेल काय अत्तर आहे?” काका हसला. “शीबाईला सगळ्याचीच शी.”

यात काकाचं नुसतंच चुकलं असंही म्हणता येत नाही. जी मुलगी दुधावरच्या सायीला शी म्हणते, तिची कुठली शी खरी धरायची? शीबाईलाही मग वाटलं, असेल तेलाचाच. दुसऱ्या दिवशी तिने दोरीवरून दोन चिमटे आणून ठेवले.

रविवारी ती आत्याच्या गाळ्यावर गेली. आत्या बोलायला फटकळ, पण शिकवायला बसली की बोळ्याने दूध पाजावं तशी शिकवायची. गाळ्याबाहेर एक दगडी ओटा होता. आलेली बॅटरी आधी तिथे ठेवायची, सरळ आत न्यायची नाही. मग हाताने वारा घालून दुरून वास घ्यायचा, नाक खुपसायचं नाही, आणि त्यानंतरच मीटर लावायचा. “आधी नाक, मग मीटर,” हा आत्याचा नियम. ज्याला सर्दी झाली असेल त्याला त्या दिवशी ओट्यावर कामच नसे.

“ये, नाजूकबाई,” आत्या म्हणाली. “काकाच्या सायकलीवरून नाही आलीस वाटतं?”

“चालत आले. आत्या, सायकल चालते कशी ते सांग ना. आत काय असतं?”

आत्याने फळीवरून एक मेलेली बॅटरी काढली. तिचं कवच कापलेलं होतं. आत बोटाएवढ्या नळकांड्या ओळीने उभ्या होत्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या.

“हा एक सेल. याला म्हण भाडेकरू. याच्याकडे थोडीशीच वीज असते. हे बघ, चार भाडेकरू शेजारी शेजारी. हा झाला एक मजला. शेजारी राहिल्याने जोर वाढत नाही, साठा वाढतो. सायकल जास्त लांब जाते.”

“मग जोर कशाने येतो?”

“मजल्यावर मजला चढवून. हे तेरा मजले आहेत, मोज. पाण्याची टाकी जितकी उंच तितकं पाणी जोरात येतं ना? तशी ही उंची. तिला म्हणायचं व्होल्ट. आणि नळातून किती भसाभसा येतंय, ते अँपिअर.”

“नळ कोण सोडतं?”

“हा डबा, कंट्रोलर. तू पेडल मारलंस की त्याला कळतं. किती हवं ते बघून तो तेवढीच वीज मोटारीला सोडतो. मोटार मागच्या चाकाच्या पोटात असते. आत तारांची वेटोळी, बाहेर लोहचुंबकांचं कडं. एका वेटोळ्यात वीज सोडली की चुंबक त्याच्याकडे धावतो. तो पोचतोय न पोचतोय तोच ते बंद आणि पुढचं चालू. पकडापकडी. चुंबकाच्या हाती कुणीच लागत नाही, पण त्या नादात चाक फिरतं.”

शीबाई हसली. मग तिचं लक्ष कडेच्या हिरव्या पाटीकडे गेलं. पाटीतून बारीक तारा निघून प्रत्येक ओळीला चिकटल्या होत्या.

“आणि ही?” तिने विचारलं. विचारताना तिचा आवाज बारीक झाला.

“हा पहारेकरी. इमारतीत सगळ्यात जास्त काम यालाच. प्रत्येक मजल्यावर याची एक तार. कुठला मजला पार रिकामा होत आला, कुठला भरून उतू चालला, कुठे तापलं, सगळं बघत बसतो. काही बिनसलं की फाटक बंद. सायकल थांबते आणि लोक यालाच शिव्या घालतात.”

“पण एकच मजला रिकामा झाला, तर बाकीच्यांनी चालू ठेवावं ना?”

“जिना एकच आहे ना, बाई. सगळ्यांची वीज एकमेकांतूनच जाते. ज्याच्याकडे काही उरलं नाही त्यालाही ओढलं तर तो आतून कुजतो. मग चार्जिंगला लावलं की बाकीचे मजले गप भरतात आणि हा तापत सुटतो, फुगतो, फुटतो, कधी पेटही घेतो. एका मजल्यावरचा संडास तुंबला तर वास कुणाला येतो?”

“सगळ्यांना. शी!”

“ही शी बरोबर आहे. थांब, तुला एक दाखवते.” आत्याने ओट्याखालून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा काढला. “फुटलेला सेल आहे. नवीन पोरांना वास ओळखायला ठेवलाय. दुरून हं.” तिने झाकण किलकिलं केलं आणि हाताने वारा घातला.

गोडसर. नखांचा रंग. पिकून सडलेलं फळ.

आत्याने झाकण लावलं आणि वाट पाहिली. मग भुवया उंचावल्या. “काय गं? यावर नाही म्हणालीस शी?”

शीबाईच्या डोळ्यांसमोर दार आलं, मांडणी आली, खाट आली. रविवारी दुपारी काका बॅटरी चार्जिंगला लावून ठेवतो. आता दुपारच होती. आजोबा आता झोपलेले असतील, डोकं मांडणीकडे करून. आणि गळ्याची शपथ घेतली होती. सांगितलं तर काका पुन्हा कधी “उडी!” म्हणेल का? तिने खिशातला चिमटा काढला आणि कारण नसताना नाकाला लावला.

“इथे कुठे तेल आहे?” आत्याने विचारलं. ती शीबाईच्या समोर उकिडवी बसली. “नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. उघड बघू.”

शीबाईचं तोंड उघडलं. सगळं बाहेर आलं, फवारा, चढ, चौक, हिरवी पाटी, शपथ आणि तो वास. चिमट्यामुळे सगळं गेंगाण्या आवाजात, पण आत्या हसली नाही. तिने जाड हातमोजे घेतले, कोरड्या वाळूने भरलेली लोखंडी बादली गाडीत ठेवली आणि शीबाईला पुढे बसवलं.

घरात शिरताच वास आला. आता तो लपूनही बसला नव्हता. काका जमिनीवर बसून नखं कापत होता. नखांतलं काळं तेल टाचणीने कोरून वर्तमानपत्रावर पुसत होता. आजोबा घोरत होते. त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर मांडणीवर बॅटरी, आणि चार्जरचा लाल दिवा चालू.

“अरे वा, ताई,” काका म्हणाला आणि मग त्याचं लक्ष शीबाईकडे गेलं.

आत्याने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग हात बॅटरीच्या जवळ नेला, न लावता. एका कडेला कवच फुगलं होतं. आंबलेलं पीठ भांड्याचं झाकण लोटतं तसं.

“बाबांना उचल. बाहेर.”

“अगं, तेलाचा वास आहे तो…”

“उचल म्हणते ना!”

काकाने आजोबांना पांघरुणासकट उचललं. आजोबा जागे झाले, टकमक पाहू लागले. “कुठे? कुणाचं लग्न आहे? माझी कवळी?”

“शीबाई, तूही बाहेर. लांब, भिंतीपाशी,” आत्या म्हणाली. शीबाई धावताना कवळीचा पेला घेऊन धावली. तिला उमासा आला, तरी तिने पेला सोडला नाही.

आत्याने बॅटरी हातमोज्यांनी उचलून वाळूच्या बादलीत ठेवली आणि अंगणाच्या पार टोकाला, कशाच्याही जवळ नाही अशा जागी नेली. मुलांनो, हे आत्याचं काम होतं, वर्षानुवर्षं शिकलेलं. तुम्हाला असा वास आला, बॅटरी फुगलेली दिसली, तर हात लावायचा नाही. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि मोठ्या माणसांना, अग्निशमनवाल्यांना हाक मारायची. तुमचं काम एवढंच.

बॅटरीतून धूर आला नाही. पण ती तापलेलीच राहिली, आणि आत्या लांब खुर्ची टाकून तिच्यावर नजर ठेवून बसली. दाराबाहेरच्या ओट्यावर बसवलेल्या आजोबांनी कवळी घातली आणि लेकाकडे पाहिलं. “तेलही गेलं, तूपही गेलं,” ते म्हणाले. “धुपाटणं तरी नीट धर.”

काका हसला नाही. त्याने फक्त शीबाईला विचारलं, “सांगितलंस?”

शीबाईने मान हलवली. काका आत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी पूर्ण थंड झाल्यावर आत्याने ती अंगणात उघडली. चिमटा लावलेल्या शीबाईला तिने चार हात लांब उभं केलं, वारा जिकडून येत होता त्या बाजूला. काका जवळ होता.

कवच उचललं तसा चौकातल्या माणसाने ओतलेला डिंक लांबत गेला, शेंबडासारखा, पिवळा. आणि त्याखालून झुरळं निघाली. तेलावर पोसलेली, खारकेएवढी. एक, मग चार, मग मोजता येईनात. ती आत्याच्या हातमोज्यावरून, काकाच्या पायावरून, अंगणातल्या नळाच्या चरात धावत सुटली. आत त्यांची अंडी होती, आणि सगळीकडे पसरलेली त्यांची काळी मिरपूड. हिरवी पाटी हिरवी राहिलीच नव्हती. फवाऱ्याचं पाणी चार्जिंगच्या भोकाच्या सुकलेल्या रबरातून आत शिरलं होतं, आणि पाटीवर पांढरी-निळी बुरशीसारखी खपली धरली होती. तिच्या डोक्यावरून एक जाड तार या टोकाकडून त्या टोकाकडे नेऊन डिंकाने दडपलेली. खालून तिसऱ्या ओळीतले दोन सेल फाटले होते. फाटीतून तपकिरी चिकट रस येऊन शेजारच्या सेलांवर वाळला होता. त्यात एक झुरळ अडकून मेलं होतं. त्याच्या मिशा अजून हलताहेत असं वाटत होतं, पण तो वारा होता.

गोड वास अंगणभर झाला. काका वळला, भिंतीपाशी गेला आणि भडाभडा ओकला.

“तो म्हणाला, अडथळा काढला,” तोंड पुसत काका म्हणाला.

“दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला,” आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ वाकडे झाले होते. “बिचारा पहारेकरी ओरडतोय, तिसरा मजला कुजतोय, तिसरा मजला कुजतोय. तर यांनी त्याच्या तोंडात बोळा घातला. झुरळांचं मला काही नाही, माझं आयुष्य असल्या खोक्यांत गेलं. पण आत हे दिसत असताना वरून कवच लावायचं, स्क्रू पिळायचे, आणि फडक्याने पुसून चकचकीत करून द्यायचं? अरे, याची किळस येते मला. त्याची, आणि उघडून न बघता घेऊन आलास म्हणून तुझीही.”

काकाने पायावर चढलेलं झुरळ झटकलं.

“पाणी माझ्यामुळे गेलं,” लांबून शीबाई म्हणाली. “मीच म्हणाले धू.”

“तू घाण आहे म्हणालीस. होतीच घाण,” आत्या म्हणाली. “कशी काढायची ते या घोड्याला कळायला हवं होतं. बॅटरी बाजूला काढायची, कोरडं फडकं घ्यायचं आणि जोडणीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.” तिने सगळं कवचासकट पत्र्याच्या पिंपात टाकलं, वर वाळू लोटली. मग गाडीतून दुसरी बॅटरी आणून ओट्यावर ठेवली. “ही गाळ्यावरची. तुझी नवीन होईपर्यंत वापर. चार्जिंगला माझ्याकडे येईल, घरात नाही. पण आधी ती खाच बघ.”

बॅटरी जिथे बसते ती सायकलीतली खाच सगळ्यांनी पाहिली. तेलाची साल, धूळ, माश्यांचे पंख, आणि झुरळांनी येता-जाता सोडलेलं सगळं.

“तो उकिरडा साफ झाल्याशिवाय माझी बॅटरी आत बसणार नाही. मग उद्याची फेरी राहिली तरी चालेल.” एवढं बोलून आत्या हात धुवायला आत गेली.

काका सायकलीपाशी खाली बसला. त्याच्या सदऱ्याला ओकारीचे शिंतोडे होते, हातांना तेल, पायाला झुरळांचं काहीतरी. त्याने फडकं उचललं आणि तसंच मांडीवर ठेवलं.

“या सायकलीची शी यायची तुला,” तो शीबाईकडे न पाहता म्हणाला. “आता माझीही येत असेल.”

शीबाई दोरीकडे गेली. नाकावरचा चिमटा तिने काढला आणि दोरीला लावला. एक जुनं कोरडं फडकं ओढलं, दोनदा झटकलं, त्यात ओल नाही ना हे गालाला लावून पाहिलं. मग ती काकाच्या शेजारी येऊन बसली, बाह्या वर सारल्या, “शी!” म्हणाली, आणि कोपरापर्यंत हात त्या खाचेत घातला.